दोनशे तीनची डिस्क

लिपा, १४ जून

प्रिय स्रेच्को,

"तू इथंच थांब, जाकिटं सांभाळ."

मी अकरा वर्षांची होते, तू पंधराचा. ओस्त्रेत्स डोंगराच्या माथ्यावर तू हे म्हणालास, तुझं जाकीट माझ्या डोक्यावर फेकलंस आणि बाकीच्या पोरांबरोबर सायकलीवरून उतारावर दिसेनासा झालास. तुला आठवतही नसेल. मला त्या जाकिटांचा वाससुद्धा आठवतो. घाम, चिखल आणि कुणाच्या तरी खिशात राहिलेलं सॉसेज. मी ती सगळी घडी घालून, एकावर एक रचून ठेवली होती. आता वाटतं, दरीत भिरकावून द्यायला हवी होती.

पण हे जुनं भांडण उकरायला लिहीत नाही. मला ब्रेकच्या डिस्क हव्यात. फोनवर सांगायला गेले की तुझ्या सायकलच्या दुकानात नेमकं त्याच वेळी गिऱ्हाईक येतं. पत्राला गिऱ्हाईक दाखवता येत नाही, म्हणून पत्र.

सायकल जुनीच घेतलीय, पण दणकट आहे. पुढे एकशे ऐंशी मिलिमीटरची डिस्क आहे, मागे एकशे साठची. मागची तापून तापून निळी पडलीय. वरच्या कुरणापासून खाली लाकडाच्या गिरणीपर्यंत आले की करपलेल्या दुधासारखा वास येतो, आणि शेवटच्या वळणांवर ब्रेकची लिव्हर कितीही आवळली तरी सायकल आपली चालतेच. माझं वजन अठ्ठ्याऐंशी किलो आहे. लिहायला लाज वाटली नाही, तेव्हा वाचतानाही वाटून घेऊ नकोस. उजव्या मनगटात धातूची पट्टी आणि स्क्रू आहेत, हे तुला ठाऊक आहे. त्या हातानं मी जोर लावू शकत नाही. म्हणून जोर डिस्कनं लावला पाहिजे. मोठी चकती म्हणजे कमी बोटात जास्त पकड, एवढं मला कळतं. पुढे-मागे दोन्हीकडे दोनशे तीनच्या पाठव. जाड.

कशासाठी, ते तुला कळलंच असेल. ओस्त्रेत्सवरच्या सप्टेंबरातल्या सायकल-उतरणीसाठी. गेल्या वर्षी मी माथ्यावर उभी होते, सायकल घेऊन. तुझ्या आईनं, आत्यानं, तुला सांगितलं नसेल तर मी सांगते. नवा माणूस रांगेत सगळ्यांत शेवटी, आणि विन्को ओश्लाक सगळ्यांत वयस्कर म्हणून त्याच्या पुढे. तुला रीत माहीतच आहे: पुढच्यानं मागच्याच्या सायकलीचे दोन्ही ब्रेक आवळायचे, छातीनं सायकल ढकलून बघायची, आणि "धरतोय" म्हणायचं. तो शब्द मिळाल्याशिवाय कुणी निघत नाही. आपले आजोबा खाणीत उतरायचे तेव्हाही तसंच. आधीच्या पाळीचा माणूस खाली सोडायच्या पाळण्याचा ब्रेक तपासून "धरतोय" म्हणायचा, तेव्हाच पुढची पाळी खाली जायची.

विन्को माझ्या सायकलीकडे आला. हँडलकडे बघितलं. मग म्हणाला, "फार गारठा आहे बाई, बोटं चालत नाहीत." हातमोजे चढवले आणि निघून गेला. एक जण खोकला. मी सायकल हातात धरून पायवाटेनं खाली आले, आणि खाली आल्यावर सगळ्यांना जवाचं दाट रिचेत वाढलं. कारण रिचेत मीच शिजवून गेले होते, सकाळी.

या वर्षी मला असे ब्रेक हवेत की हात लावणाऱ्याला खोटं बोलायची सोयच राहू नये.

तुझी,
झ्वोन्का

*

मारिबोर, २३ जून

प्रिय झ्वोन्का,

पत्र मिळालं. दुकानात सगळ्यांसमोर वाचलं आणि जाकिटांच्या जागी घसा खाकरला. बाई, पस्तीस वर्षं झाली! ते सॉसेज माझं होतं, एवढं मात्र आठवतं. परत आलो तेव्हा ते नव्हतं.

आता कामाचं. तू उगाच मोठमोठ्या डिस्कच्या मागे लागलीयस. हल्ली सगळ्यांनाच ताटाएवढ्या चकत्या हव्या असतात, कारण त्या दिसतात भारी. बायकांच्या सायकलीला एकशे ऐंशी आणि एकशे साठ भरपूर झालं. शिवाय तुझ्या पुढच्या चाकाचा चिमटा, म्हणजे फोर्क, एकशे ऐंशीच्या वर घेत नाही. जबरदस्तीनं लावलीस तर चिमट्याला तडा जाईल, मग मला दोष देऊ नकोस. सोबत त्याच मापाच्या नव्या कोऱ्या डिस्क पाठवतोय. निळ्या पडलेल्या काढून टाक, या लाव, आणि दम धरून चालव. उतारावर सारखी लिव्हर दाबून ठेवायची नाही. दाबायची, सोडायची.

आणि एक विचारू का, रागावणार नसशील तर? तुझ्या रिचेतसाठी अख्खं लिपा खाली येतं. पोरं माथ्यावरून उतरताना त्याच वासाच्या ओढीनं येतात. हे काय कमी आहे? वर जाऊन विन्कोच्या तोंडाला कशाला लागतेस? म्हातारा खडूस आहे. तो त्याच्या बायकोलाही कधी "धरतोय" म्हणाला नसेल.

आई बरी आहे. तुझी आठवण काढते. गुडघ्यावर कोबीची पानं बांधून बसते आणि डॉक्टरांना शिव्या देते.

तुझा,
स्रेच्को

*

लिपा, २ जुलै

स्रेच्को,

पार्सल परत पाठवतेय. उघडलं, बघितलं, पुन्हा बांधलं.

सायकल विकणाऱ्या माणसानं चिमट्याबरोबर आलेली पुस्तिका जपून ठेवली होती. मला वाटलं होतं, कशाला घेऊ ही कागदपत्रं? बरं झालं घेतली. त्यात लिहिलंय, चिमटा थेट दोनशे तीन घेतो, काही न जोडता. मागच्या बाजूलाही दोनशे तीन चालतं, फक्त ब्रेकचा कॅलिपर वर सरकवायला मधला एक तुकडा लागतो. तू तीस वर्षं सायकली दुरुस्त करतोयस. तुला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायचं का मी?

आणि दुसरं. तू पाठवलेल्या चकत्यांवर बारीक अक्षरांत कोरलंय: फक्त मऊ पॅडसाठी. माझे ब्रेकचे पॅड धातूचे आहेत, हे मी पहिल्यांदा फोन केला होता तेव्हाच सांगितलं होतं. गिऱ्हाईक यायच्या आधी. धातूचे पॅड या मऊ चकतीला खवणीसारखे किसतात. सप्टेंबरपर्यंत तिचा पापड झाला असता. अशी चूक तुझ्याकडून चुकून होत नाही. तू मला चुकीच्या डिस्क मुद्दाम पाठवल्यास. का?

बायकांच्या सायकलीला एवढं पुरे म्हणतोस. स्रेच्को, उतार बाईला बघून तिरका कमी होतो का? अठ्ठ्याऐंशी किलो म्हणजे अठ्ठ्याऐंशीच. तुझ्या दुकानात याच वजनाचा पुरुष आला असता आणि म्हणाला असता, माझं मनगट अधू आहे, मला ओस्त्रेत्सवरून उतरायचंय, तर तू त्याला एकशे साठची डिस्क दिली असतीस? नाही. तू त्याला खुर्ची दिली असतीस, कॉफी पाजली असतीस आणि जाडजूड दोनशे तीन काढून समोर ठेवल्या असत्यास.

मनगटाचंही ऐक. मी डोंगरावर पडले नव्हते. शाळेच्या स्वयंपाकघरात पडले. गुलाशचं पातेलं उचलताना ओल्या फरशीवरून पाय सटकला. तेव्हा कुणी म्हणालं नाही की झ्वोन्का, आता स्वयंपाक सोड, फार धोक्याचा आहे. प्लास्टर निघायच्या आधीच मुख्याध्यापिका विचारायला आल्या, कधीपासून येताय? मी पडले तरी चालते, फक्त कुठे पडायचं ते दुसऱ्यांनी ठरवायचं.

परवा जुन्याच डिस्कवर वरून आले. शेवटच्या वळणावर मागचा ब्रेक सुटला. लिव्हर दगडासारखी घट्ट, आणि सायकल चाललीय. श्तेफ्काच्या गवताच्या ढिगात शिरले म्हणून वाचले. कानातून अजून गवत निघतंय. पण तिथं पडल्या पडल्या आभाळ बघताना मला एक गोष्ट लख्ख कळली. मला भीती वाटली होती, आणि तरी मला पुन्हा वर जायचं होतं. या वयात असं काही हवंसं वाटणं माझ्या वाट्याला क्वचितच येतं. ते मी कुणाच्या सांगण्यावरून सोडणार नाही.

दोनशे तीन. दोन्ही. खरं उत्तर पाठव, नाहीतर नुसत्या डिस्क पाठव.

झ्वोन्का

*

मारिबोर, १५ जुलै

झ्वोन्का पोरी,

ही आंगेला आत्या लिहितेय. तुझं पत्र स्रेच्कोनं कॅलेंडरच्या मागे लपवलं होतं. माझ्या घरात माझ्यापासून काही लपवता येत नाही, हे त्याला पन्नाशीतही कळलेलं नाही.

त्याच्यावर ओरडू नकोस. मीच त्याला सांगितलं होतं. म्हटलं, तिला बारक्या, लेच्यापेच्या चकत्या पाठव. एकदा दोनदा ब्रेक दगा देईल, पोरगी घाबरेल आणि गप्प घरी बसेल. तो म्हणाला, "आई, असं करायचं नसतं, उलट पडेल ती." मी म्हटलं, तू गप्प बस. तो गप्प बसला. लहानपणी बसला असता तर जरा तरी शिकला असता.

तू गवतात शिरलीस ते वाचलं आणि कोबीची पानं तशीच टाकून मी उभी राहिले. म्हणजे मी मोठ्या चकत्या अडवल्या, माझ्यामुळे शिरलीस. आता मला बोलायला तोंड नाही असं तुला वाटेल. आहे. मला तोंड नेहमीच असतं.

तुझा बाप, माझा भाऊ, तुला माझ्या ओटीत टाकून गेला तेव्हा तू शाळेतही जात नव्हतीस. आणि दोन वर्षांपूर्वी इस्पितळात तुला चमच्यानं सूप भरवलं, तेव्हा तू पंचेचाळिशीला टेकली होतीस आणि तरी मला तीच दिसत होतीस. मला आता पुन्हा चमचा हातात धरायचा नाही, बाई. माझेच हात थरथरतात. निम्मं सूप तुझ्या गळ्यात जाईल, निम्मं गादीवर.

जायचं असेल तर जा. मी कोण तुला अडवणार? पण मी खूश आहे असं कुणाला सांगू नकोस.

डिस्क आजच्या टपालानं निघतायत. मोठ्या.

तुझी आत्या

*

लिपा, ९ ऑगस्ट

प्रिय स्रेच्को,

आत्याला हे पत्र वाचून दाखव. कॅलेंडरच्या मागे ठेवू नकोस, ती जागा आता उघडी पडलीय.

आत्या, तुझ्यावर रागवायचं ठरवलं होतं. दोन दिवस रागावलेही. मग तुझ्या चमच्याचं वाक्य वाचलं की राग कुठे ठेवला तेच सापडेना. पण एक सांगते. ज्याची काळजी वाटते त्याचे ब्रेक काढून घ्यायचे नसतात. तू मला घाबरवायला निघालीस, आणि मी घाबरलेही. पण मी थांबले नाही, फक्त कमी पकडीवर उतरत राहिले. बायकांना थांबवायचे सगळे उपाय असेच असतात. आम्ही थांबत तर नाही. फक्त जास्त आपटतो.

डिस्क पोहोचल्या. किती सुंदर आहेत! जाड, जड, पोळपाटाला भोकं पाडावीत तशा. मधला तुकडा मात्र तू पाठवायचा विसरलास, आणि या वेळी तो खरोखर विसरलास असं मी मानते. खालच्या खोऱ्यातल्या दुकानातून मागवला. सहाही स्क्रू समोरासमोरचे धरून थोडे थोडे आवळले, पुस्तिकेत म्हटलंय तसे.

आणि मग सगळा सत्यानाश केला.

लावायच्या आधी डिस्कवर बोटांचे ठसे दिसले. म्हटलं स्वच्छ पुसू. हाताशी फडकं होतं, त्यानं चकचकीत होईपर्यंत पुसल्या. सायकल घेऊन शाळेसमोरच्या उतारावर आले, लिव्हर दाबली, आणि अशी किंचाळी उठली की गिरणीतली करवत बंद झाली. लोक दारात आले. शेजारची हर्मिना खिडकीतून ओरडली, "झ्वोन्का, डुक्कर आत्ताच कापलं? नाताळाला अजून अवकाश आहे!" आणि ब्रेक तर लागतच नव्हता. आरडाओरडा खूप, काम शून्य. गावच्या सभेसारखा.

फडकं स्वयंपाकघरातलं होतं. त्यानं मी सकाळी चरबीचा डबा पुसला होता. वीस वर्षं स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातून हेच व्हायचं होतं. तिच्या घरात चरबी न लागलेलं फडकं असतंच कुठे?

आता सांग काय करू. पॅड ओव्हनमध्ये भाजले तर सुधारतील का? विन्कोला कळलंय. गिरणीत म्हणत होता म्हणे, "तिचा ब्रेक तपासायला हात कशाला, कान पुरेत." सगळे हसले. हर्मिनाही हसली, आणि मग मला येऊन सांगून गेली. ही तिची मैत्री.

मीही हसले. पण घरी आल्यावर सायकलीशेजारी फरशीवर बसून राहिले बराच वेळ. त्याला पाहिजे होतं ते मी स्वतःच्या हातानं त्याला दिलं, याचं वाईट वाटलं. मग उठले आणि हे पत्र लिहायला घेतलं.

तुझी,
झ्वोन्का

*

मारिबोर, १८ ऑगस्ट

प्रिय झ्वोन्का,

पॅड भाजू नकोस. ते डुकराचं मांस नाही. चरबी पॅडच्या पोटात शिरलीय, ती निघत नाही. फेकून दे. नवे सोबत आहेत, धातूचेच. ते हातात घेताना कडेनं धर, घासणाऱ्या तोंडावर बोट लावू नकोस, आणि तुझ्या स्वयंपाकघरापासून लांब ठेव.

डिस्क मात्र वाचतील. शुद्ध स्पिरिट आणि नवा कोरा कागदी रुमाल घे. पुसायचं, रुमाल फेकायचा, दुसरा घ्यायचा, जोवर रुमाल पांढरा राहत नाही तोवर. आई म्हणते स्पिरिट विकत कशाला घ्यायचं, तिनं गेल्या वर्षी काढलेली आलुबुखाराची पहिल्या धारेची दारू आहे. ती तशीही पिण्यालायक नाही. बाटली पार्सलमध्ये तिनंच गुंडाळलीय, माझ्या लोकरी मोज्यांत.

मग मुरवणं. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. नवी डिस्क आणि नवा पॅड एकमेकांना ओळखत नसतात. चांगला वेग घे, जोरात ब्रेक लाव, अगदी पायी चालण्याइतकी मंद हो, पण पूर्ण थांबू नकोस. थांबलीस तर त्या जागी डाग बसतो आणि मग लिव्हर थडथडते. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. कंटाळा येईपर्यंत, आणि आल्यावरही थोडं. मग निवू दे. पाणी ओतू नकोस, तापलेली डिस्क वाकडी होते.

आता दुसरं.

तू मला खोटारडा म्हणाली नाहीस, पण तुझ्या पत्रात तो शब्द जागोजागी आहे. मी आईचं ऐकलं कारण मला ते सोयीचं होतं. तू वर चाललीस म्हटल्यावर मला आठवलं की मी सहा वर्षांत वर गेलेलो नाही. लोकांना सांगतो, गुडघा. गुडघा ठणठणीत आहे. दोन मुलांचा बाप झालो, दुकान झालं, आणि एका सप्टेंबरात मला उतरावंसंच वाटलं नाही. पुढच्या वर्षी वाटलं, पण तोवर लाज वाटायला लागली होती. बस, एवढंच आहे.

आणि विन्कोबद्दल एक. तो खडूस आहेच, पण गारठ्याचं निमित्त त्यानं नुसत्या खडूसपणानं काढलं नसेल. "धरतोय" म्हणणं फुकटात होत नाही. ज्याचा ब्रेक तू पास केलास आणि तो पडला, त्याची हिवाळ्याची लाकडं तू फोडायची. अख्ख्या हिवाळ्याची. आमच्यात हे कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून तुला माहीत नसेल. विन्कोनं एकदा यांकोची फोडलीयत. मार्चपर्यंत कुऱ्हाड घेऊन त्याच्या अंगणात जायचा, आणि यांकोची बायको पडदा सारून बघायची. त्याला वाटलं असेल, बाई पडली तर लोक नुसती लाकडं मागून थांबणार नाहीत.

तर मी ठरवलंय. मी नाव घालतो. बऱ्याच वर्षांनी परत येणाऱ्यालाही शेवटाकडेच उभं करतात, तेव्हा विन्कोच्या मागे मी आणि माझ्या मागे तू. तुझा ब्रेक मी आवळणार आणि अख्ख्या ओस्त्रेत्सला ऐकू जाईल असं ओरडणार. आईला अजून सांगितलेलं नाही. आता हे पत्र टपालात पडेपर्यंत लपवायला नवी जागा शोधायला हवी.

तुझा,
स्रेच्को

*

लिपा, २ सप्टेंबर

प्रिय स्रेच्को,

आत्याच्या बाटलीनं सगळं स्वच्छ झालं, आणि परसातल्या मुंग्याही मेल्या. ती पिण्यालायक नाही म्हणतोस, पण गिरणीवरचे दोन म्हातारे वासावरून येऊन बाकावर बसले ते उठेनात. मी शाळेपासून गिरणीपर्यंत वेग घ्यायची, ब्रेक लावायची, वळायची, पुन्हा वर. म्हाताऱ्यांपैकी एक दर खेपेला ओरडायचा, "अगं थांब ना एकदाची!" आणि मी ओरडायची, "थांबायचं नाही असं सांगितलंय!"

आधी काहीच होईना. पॅड नुसते घासल्यासारखे. मग कधीतरी, नेमकं कधी ते कळलंच नाही, लिव्हरखाली काहीतरी बदललं. उजव्या हाताचं एक बोट ठेवलं आणि सायकल माझ्याखाली बसली, कुत्र्याला "बस" म्हटल्यावर बसतं तशी. एक बोट, स्रेच्को. मनगट दुखलं नाही. मी तिथंच रस्त्यात उभी राहून रडले. वाईट वाटून नाही. माझ्या शरीरानं काही मागितलं आणि ते त्याला तसंच्या तसं मिळालं, असं फार दिवसांनी झालं.

काल वरच्या कुरणापासून खाली आले, न थांबता. वास नाही, किंचाळी नाही. श्तेफ्काचा गवताचा ढीग लागला, तेव्हा त्याला नमस्कार करून पुढे गेले.

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या गोष्टीबद्दल. ती मी खूप वेळा वाचली. तू माझ्यासाठी नाव घालतोयस, याच्याइतकं मोठं मला कुणी काही दिलेलं नाही. आणि मी ते घेणार नाही.

रागावू नकोस. तू माझा ब्रेक आवळशील आणि "धरतोय" म्हणशील. पण सुतळीनं बांधलेला ब्रेक असता तरी तू म्हणाला असतास. आणि सगळे म्हणतील, भाऊ आहे. तो शब्द मग गोड होईल, खरा राहणार नाही. मला गोड शब्द पुष्कळ मिळालेत, दर सप्टेंबरात, रिचेतबद्दल. मला शब्द हवाय तो त्याच माणसाकडून, ज्यानं गेल्या वर्षी तो दिला नाही.

लाकडांची गोष्ट सांगितलीस, बरं झालं. मी वर्षभर समजत होते की विन्कोला मी कुणीच वाटत नाही. आता वाटतं, त्याला माझा भार नको होता. ते जास्त बरं की जास्त वाईट, ठरवता येत नाही. पण त्यावर त्याच्याशी बोलता तरी येईल.

तू ये. नाव घाल, पण विन्कोच्या पुढे उभा राहा, म्हणजे तुझा ब्रेक दुसरा कुणी तपासेल, आणि तू विन्कोचा. माझ्यासाठी येऊ नकोस. तुला उतरायचंय म्हणून ये. आणि या वर्षी रिचेत हर्मिना करतेय. मीठ कमी पडेल, पण तिनं हो म्हटलंय.

विन्कोला पत्र लिहिलंय. समोर गेले असते तर त्यानं पुन्हा हवेचं काहीतरी काढलं असतं. नक्कल सोबत जोडतेय. आत्याला वाचून दाखव, तिला आवडणार नाही.

तुझी,
झ्वोन्का

*

लिपा, २ सप्टेंबर

श्री. विन्को ओश्लाक यांस,

तुमची गिरणी आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर असताना पत्र लिहितेय, म्हणून हसाल. हसा. निदान शेवटपर्यंत वाचा.

येत्या उतरणीला मी रांगेत तुमच्या मागे असेन. गेल्या वर्षी तुम्ही माझ्या ब्रेकला हात लावला नाहीत. मी पडले तर काय होईल याचा विचार तुम्ही केला असणार, हे मला आता कळलंय. तेव्हा कळलं असतं, तर तुमचा इतका राग केला नसता. थोडा केला असता.

माझ्या सायकलीला दोन्हीकडे दोनशे तीनच्या डिस्क आहेत. पॅड नवे आहेत. मुरवलेत, ते तुम्ही गिरणीच्या दारातून बघितलंय, आणि ऐकायला काहीच नव्हतं हेही तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही या, पुढचा ब्रेक आवळा, मागचा आवळा, आणि छातीनं सायकल ढकला. यांकोची ढकलली होतीत त्याहून जोरात. चाक हललं तर सगळ्यांसमोर तसं सांगा. मी काही न बोलता पायवाटेनं खाली जाईन. पण हललं नाही तर शब्द द्या.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी म्हणू शकले असते की मी पडले तर तुमच्यावर काही नाही, बाईमाणसासाठी ही रीत सोडून द्या. माझ्या ओळखीच्या सगळ्यांनी मला हेच लिहायला सांगितलं असतं. मी ते लिहीत नाही. इतरांसारखंच उतरायचं असेल तर मी इतरांसारखीच कुणाच्या तरी जबाबदारीवर उतरेन.

तुम्ही नाही म्हणाल, हे मी जाणून आहे. तरी मागते आहे. शब्द दिलात आणि मी पडले, तर माझी हिवाळ्याची लाकडं तुम्हीच फोडायची, पहिल्या ओंडक्यापासून शेवटच्यापर्यंत, एवढी विनंती.

झ्वोन्का पुश्निक